कपाशीचा डाव: घरच्या प्रिंटरवर पत्त्यांचे आठ कॅट

राळेगाव तालुक्यातल्या एका गावात माझी मावसबहीण कृषी सखी म्हणून काम करते. आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. बचत गटाच्या बैठकीत बायकांना कपाशीवरच्या किडींची ओळख करून द्यायची, कधी फवारायचं आणि कधी हात आवरायचा ते सांगायचं, हा तिच्या कामाचा भाग. पत्रकं वाटून झाली, तक्ते लावून झाले. तक्ता भिंतीवर राहतो आणि बाया घरी जातात, असं तिचं म्हणणं. म्हणून तिने बदाम सातवर बेतलेला एक खेळ रचला. चार शेतं, प्रत्येक शेतात पेरणीपासून पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटेपर्यंतचे टप्पे क्रमाने लावत जायचे. मध्येच कुणी किडीचा पत्ता टाकला की ते शेत अडतं, आणि त्या किडीवरचा नेमका उपाय किंवा कीड खाणारा मित्रकीटक कुणी टाकला तरच सुटतं. आधी हात मोकळा करेल ती जिंकली. विदर्भात २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशीचं किती नुकसान केलं हे पाहिलेल्या बायकांना या खेळाचं कारण सांगावं लागत नाही.

खेळ कागदाच्या चिठ्ठ्यांवर चांगला चालला. अडलं ते पत्त्यांपाशी. मृग लागायच्या आत आठ कॅट हवे होते, आठ गटांसाठी एकेक. घरी शाईच्या टाकीचा एक साधा इंकजेट प्रिंटर होता आणि तालुक्याच्या बाजारात जे मिळेल ते सामान.

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारण असं की, खेळाचे पत्ते घरी कसे छापावेत याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते सगळं पोकर मापाचा पत्ता, पत्ता घालायच्या प्लॅस्टिकच्या स्लीव्ह आणि ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद गृहीत धरून लिहिलेलं असतं. पोकर मापाचा पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटर. ए-फोरवर तीन रांगांत नऊ बसतात. हिशेब सुरेख आहे. पण राळेगावात त्या मापाची स्लीव्ह मिळत नाही, त्या मापाचा कटर मिळत नाही, आणि घरच्या प्रिंटरचे रोलर तो जाड कागद ओढत नाहीत. खेड्यात पत्ते करायचे तर आधी आपल्या बाजारात कापायची आणि चिकटवायची कोणती साधनं आहेत ते पाहावं, त्यावरून माप ठरवावं आणि मगच चित्राला हात घालावा. माझं हे मत या कामात पक्कं झालं.

पहिला संच

माझ्याकडे येण्याआधी ताईने एक संच तालुक्यातल्या एका डीटीपीच्या दुकानातून करून घेतला होता. जाडसर बाँड कागदावर दोन्ही बाजूंनी रंगीत छपाई, अख्ख्या शीटला लॅमिनेशन आणि मग कात्रीने कापलेले पत्ते. दुकानदाराने सांगितलं तसं काम केलं होतं. तरीही तो संच दोन-तीन बैठकींत निकामी झाला, आणि का झाला हे समजून घेतल्याशिवाय पुढचं ठरवता येत नव्हतं.

पहिलं कारण कडांचं. लॅमिनेशनची फिल्म पाऊचच्या कडेला फिल्मशी चिकटते तेव्हाच ती पक्की बंद होते. अख्खी शीट लॅमिनेट करून नंतर कापली की प्रत्येक पत्त्याच्या चारही कडांना कागद उघडा पडतो. ओलसर बोट लागलं, पत्ता ओल्या ओट्यावर पडला, की तिथून पाणी आत शिरतं आणि कागदच मधून दुभंगतो. फिल्म सुटलेली नसते. कागदाचे दोन पापुद्रे सुटलेले असतात.

दुसरं कारण पाठीचं, आणि ते जास्त महत्त्वाचं. कागद एकदा छापून उलटा घातला की तो त्याच जागी परत येत नाही. रोलर थोडा घसरतो, कागद थोडा तिरका ओढला जातो, आणि पुढची व मागची बाजू एखाद-दुसऱ्या मिलिमीटरने सरकतात. पुस्तकाच्या पानात हे कुणाला दिसणार नाही. पत्त्याच्या पाठीला मात्र तीन मिलिमीटरची पांढरी चौकट होती. ती एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला चार झाली, आणि प्रत्येक शीटवर वेगळी झाली. गटातल्या बायकांची पोरं खेळायला बसली तेव्हा एका संध्याकाळीत त्यांनी पाठी ओळखायला सुरुवात केली. "बोंडअळी त्याच्यापाशी हाय, पाठीवरून दिसते," हे वाक्य ऐकल्यावर ताईने तो संच बाजूला ठेवला. कीड कुणाच्या हातात आहे हे कळलं की त्या खेळात काहीच उरत नाही.

पर्याय, आणि ते का सोडले

पत्ता ज्या हातांत जाणार आहे ते हात आम्ही डोळ्यांसमोर ठेवले. दिवसभर निंदण करून आलेल्या बाया, बल्बच्या उजेडात, जमिनीवर सतरंजी टाकून खेळणार. पत्ते पिसले जाणार, पंख्यासारखे हातात धरले जाणार, आपटले जाणार. काम मे महिन्याच्या कोरड्या उन्हात होणार आणि पत्ते वापरले जाणार श्रावणाच्या दमट हवेत.

पहिला विचार पीव्हीसीचा आला, कारण आधार आणि ओळखपत्रं छापणाऱ्या सेवा केंद्रात ड्रॅगन शीट असते. तिच्यावर इंकजेटने छापायचं, तीन थर एकावर एक ठेवून फ्यूजिंग मशीनमध्ये वितळवायचे, की बँकेच्या कार्डासारखं टणक कार्ड तयार. पाण्याला भीत नाही, फाटत नाही. पण त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर. बाजारातला खेळायचा पत्ता साधारण ०.३ मिलिमीटरचा असतो. चोपन्न पत्त्यांचा पीव्हीसी कॅट ४१ मिलिमीटर उंच झाला असता आणि कुणाच्याही मुठीत मावला नसता. पिसायचा तर प्रश्नच नाही. पत्त्यांसाठी हा मार्ग बंद. नियमांचं एखादं कार्ड किंवा पटावर ठेवायच्या सोंगट्या करायच्या असतील तर मात्र उत्तम.

प्रत्येक पत्ता वेगळ्या पाऊचमध्ये घालून कडा बंद करण्याचाही पर्याय होता. टिकाऊपणाला तोड नाही. पण पाऊचच्या पत्त्याला लवचीकपणा नसतो, तो एकमेकांवरून सटकतो, कोपरे बोटाला टोचतात. लहान मुलांच्या ओळखकार्डांसाठी, म्हणजे टेबलावर ओळीने मांडून ठेवायच्या पत्त्यांसाठी, मी तोच सुचवेन. पिसायच्या पत्त्यांसाठी नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या डिजिटल प्रेसमधून ३०० जीएसएमच्या आर्ट कार्डवर छापून आणणं हा सरळ मार्ग होता. पन्नास-शंभर कॅट हवे असते तर मी ताईला तिकडेच पाठवलं असतं. आठ कॅटसाठी, तेही खेळाचे नियम अजून बदलत असताना, तो घाईचा ठरला असता. एक पत्ता बदलायचा म्हणजे अख्खी शीट पुन्हा.

उरलेला पर्याय अगदी साध्या दुकानात मिळाला. किराणा दुकानात, पानठेल्यावर, बसस्टँडसमोर, कुठेही मिळणारा पत्त्यांचा कॅट. त्याच्यावर स्टिकर चिकटवायचे.

बाजारातला कॅट हाच पाया

या एका निर्णयाने पाठीचा प्रश्न संपला. कारखान्यात छापलेल्या पाठी एकसारख्या असतात, त्यांना हात लावायचाच नाही. पत्त्याची लवचीकता, त्याचे गोल कोपरे, पिसताना बोटांखालून सुटण्याची सवय, हे सगळं आयतं मिळालं. घरच्या प्रिंटरला फक्त एका बाजूची छपाई करायची होती, आणि ते काम त्याला उत्तम जमतं.

माप इथेच ठरलं. आमच्याकडे मिळणारा कॅट ५७ बाय ८८ मिलिमीटरच्या आसपास भरला, म्हणजे ब्रिज मापाच्या जवळचा. ओळखपत्राचं आंतरराष्ट्रीय माप ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, कोपऱ्याची गोलाई ३.१८. ते कापणारा हाताने दाबायचा पंच तालुक्याच्या सेवा केंद्रात होता. म्हणजे पंचने कापलेला स्टिकर पत्त्यावर ठेवला की दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर आणि वर-खाली साधारण एकेक मिलिमीटर पांढरी कड उरते. पत्त्याच्या कोपऱ्यातला छापील आकडा पूर्ण झाकला जातो. स्टिकर किंचित हलला तरी तो बाहेर डोकावत नाही. मला हे माप फार आवडतं. स्टिकर पत्त्यापेक्षा लहान असल्यामुळे त्याची कड पिसताना नखात येत नाही, आणि गोल कोपरा सहजी उलगडत नाही. टोकदार कोपऱ्याचा स्टिकर आधी कोपऱ्यातूनच सुटतो.

मग खेळच कॅटमध्ये बसवला. ताईच्या मूळ रचनेत किडींचे पत्ते पंधरा होते आणि टप्पे कमी-जास्त होते. बाजारातल्या कॅटमध्ये बावन्न पत्ते आणि दोन जोकर. चार रंगांच्या दुर्रीपासून नव्वीपर्यंतच्या पत्त्यांवर चार शेतांचे आठ टप्पे आले: पेरणी, उगवण, डवरणी (पिकाच्या ओळींमधली कोळपणी), पाती (कळ्या), फूल, बोंड, वेचणी, पऱ्हाटी. एकूण बत्तीस. गुलाम, राणी, राजा मिळून बारा, त्या झाल्या किडी: गुलाबी बोंडअळीचे चार पत्ते, मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी यांचे दोन-दोन. दश्श्या, एक्के आणि जोकर मिळून दहा, ते उपाय आणि मित्र: कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा), ट्रायकोकार्ड (किडींची अंडी संपवणाऱ्या मित्रकीटकाचं कार्ड), निंबोळी अर्क, लेडीबर्ड भुंगेरा आणि मावा खाणारा क्रायसोपा, प्रत्येकी दोन. ताईला तीन किडी कमी कराव्या लागल्या याचं थोडं वाईट वाटलं, पण खेळून पाहिल्यावर डाव लवकर संपतो आणि कमी अडतो हे तिनेच सांगितलं.

कुठल्या पत्त्यावर कुठला स्टिकर हे ठरवून ठेवण्याचा एक जास्तीचा फायदा आहे. स्टिकर कधी निघालाच तर खाली बदाम सत्ती दिसली की तो लाल शेतातला बोंडाचा पत्ता होता हे कळतं. आणि किडी नेमक्या चित्रांच्या पत्त्यांवर टाकण्यामागे छपाईचं कारण होतं. स्टिकरचा कागद पूर्ण अपारदर्शक नसतो. खालचा राजा-राणीचा रंगीत ठसा पांढऱ्या पार्श्वभूमीतून पुसट दिसतो. म्हणून किडींच्या पत्त्यांना गर्द पार्श्वभूमी दिली आणि शेतांच्या पत्त्यांना मातकट, फिकट पण भरीव रंग. पूर्ण पांढरी जागा एकाही पत्त्यावर ठेवली नाही.

चित्र आणि अक्षर

किडींची चित्रं गावातल्या शाळेतल्या मुलांनी काढली. इंटरनेटवर सुंदर छायाचित्रं आहेत, पण ती कुणाची तरी आहेत. खुल्या परवान्याची असली तरी बहुतेक ठिकाणी छायाचित्रकाराचं नाव द्यावं लागतं, आणि पत्त्यावर त्या नावाला जागा नाही. मुलांच्या चित्रात एक अडचण आली: सगळ्यांनी बोंडअळी गुलाबीच रंगवली. अंड्यातून निघालेली लहान अळी पांढुरकी असते, गुलाबी रंग नंतर येतो, आणि शेतात ओळखायची असते ती लहानच. म्हणून चारपैकी दोन पत्त्यांवर पांढुरकी अळी, एकावर मोठी गुलाबी आणि एकावर डोमकळी आली. डोमकळी, म्हणजे पाकळ्या एकमेकींना चिकटून न उमललेलं फूल, हे शेतातलं सगळ्यात उघड लक्षण. बायका चित्र पाहून लगेच ओळखतात.

अक्षराचा आकार कामगंध सापळ्याच्या पत्त्याने ठरवला, कारण सगळ्यात लांब मजकूर त्याचा. एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले की नुकसानीची पातळी गाठली असं धरतात. हे पत्त्यावर यायलाच हवं होतं. चारही कडांना चार मिलिमीटर सुरक्षित जागा सोडली की लिहायला ४६ मिलिमीटर रुंदी उरते. ११ पॉइंटच्या खाली जायचं नाही असं ठरवलं, कारण चष्मा असलेल्या बायाही बैठकीत तो आणत नाहीत. देवनागरीला वर-खाली मात्रांसाठी जागा लागते, इंग्रजी अक्षराच्या हिशेबाने ओळी मोजल्या तर उकार खालच्या ओळीत घुसतो. शेवटी मजकूर एवढाच ठेवला: "३ रात्री, ८ पतंग. आता उपाय कर." खेळातही त्याचाच नियम झाला, सापळ्याचा पत्ता टाकल्यावर तीन फेऱ्या थांबूनच बोंडअळी निघते.

अक्षरासाठी ‘मुक्त’ (Mukta) नावाचा खुला युनिकोड फॉन्ट वापरला आणि मांडणी इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये केली. दोन्ही फुकट आहेत. जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मजकूर चिकटवला की जोडाक्षरं फुटतात. "पऱ्हाटी"तला ऱ्ह तर हमखास. फाइल बाहेर छापायला देणार असाल तर पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत करून द्या, म्हणजे समोरच्याकडे तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही.

चार शेतं नुसत्या रंगाने वेगळी ठेवली नाहीत. पिवळसर बल्बखाली लाल आणि विटकरी एक दिसतात, आणि काहींना हिरवा-लाल ओळखू येत नाही. म्हणून प्रत्येक शेताला एक खूण: बैल, विहीर, निंबाचं झाड, बंडी (बैलगाडी). ही खूण आणि टप्प्याचा आकडा डाव्या वरच्या कोपऱ्यात, कारण पत्ते हातात धरले की तेवढाच कोपरा दिसतो. मोठं चित्र मध्यभागी कितीही छान असलं तरी खेळताना नजर त्या कोपऱ्यावरच असते.

छपाई

कागद इंकजेटचा चकचकीत फोटो स्टिकर घेतला. साधा पांढरा स्टिकर स्वस्त आहे, पण त्याच्यावर इंकजेटची रंगशाई पसरते आणि घामाच्या बोटाने पुसली जाते. फोटो स्टिकरच्या वरच्या लेपात शाई धरून ठेवली जाते. दुकानातल्या लेसर प्रिंटरमध्ये हा स्टिकर चुकूनही घालू नये. लेसरमध्ये टोनर, म्हणजे शाईची पूड, तापवून चिकटवतात. त्या उष्णतेने इंकजेट स्टिकरचा लेप आणि डिंक दोन्ही वितळून आत चिकटतात. लेसरवरच छापायचं असेल तर लेसरसाठी बनवलेलेच स्टिकर लागतात.

ए-फोरवर दोन रांगांत पाच-पाच, असे दहा स्टिकर बसतात. मध्ये चार मिलिमीटर जागा सोडली आणि रंग प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटर बाहेर वाढवला, म्हणजे पंच किंचित सरकला तरी पांढरी रेघ येत नाही. तीनशे डीपीआयला (इंचाला तीनशे ठिपके) एका स्टिकरचं चित्र साधारण १०११ बाय ६३८ पिक्सेल होतं. चोपन्न पत्त्यांना सहा शीट, आणि शेवटच्या शीटवर सहा जागा उरतात. तिथे बोंडअळी आणि सापळ्याचे जादा स्टिकर छापले.

छापताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते: छपाईच्या खिडकीत "ॲक्चुअल साइज" किंवा १०० टक्के निवडलेलं आहे ना. बहुतेक ठिकाणी आपोआप "फिट" निवडलेलं असतं आणि पान दोन-तीन टक्क्यांनी आक्रसतं. चित्र पाहून ते कळत नाही. पंच मारल्यावर कळतं, आणि तोवर शीट वाया गेलेली असते. यावर उपाय म्हणून प्रत्येक शीटच्या कडेला १०० मिलिमीटरची रेघ ठेवली. कंपासपेटीतल्या पट्टीने मोजायची, शंभर भरली तरच पुढची शीट घालायची. कागदाचा प्रकार "ग्लॉसी फोटो" निवडला, शीट एकेक करून मागच्या बाजूने घातली. एखादा स्टिकर सोललेली शीट पुन्हा प्रिंटरमध्ये घालायची नाही, उरलेले स्टिकर रोलरला जाऊन बसतात.

मे महिना आणि वीज, या दोन गोष्टी आमच्याकडे छपाईच्या सेटिंगइतक्याच महत्त्वाच्या. इंकजेट बटणाने बंद केला की तो शाई सोडणारं आपलं हेड टोपीखाली नेऊन ठेवतो. छापता छापता वीज गेली तर हेड उघडं राहतं, आणि पत्र्याच्या घरात चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत त्याच्या बारीक छिद्रांत शाई सुकते. दिवे गेल्यावर लगेच आले नाहीत तर पुढच्या छपाईत रेघा येतात. छपाई पहाटे केली आणि प्रिंटर इन्व्हर्टरवर ठेवला. अर्धवट छापलेली शीट पुन्हा घालून पुरी होत नाही, तिच्यातले झालेले स्टिकर वाचवायचे आणि उरलेले दुसऱ्या शीटवर छापायचे.

कापणं आणि चिकटवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि पत्ता चांगला होतो की वाईट ते इथेच ठरतं. छापलेली शीट लगेच सोलायची नाही. शाईतल्या ओलाव्याने कागद थोडा फुगलेला असतो. तशा अवस्थेत चिकटवला तर वाळताना तो आक्रसतो आणि पत्त्याला स्वतःकडे ओढतो, पत्ता पानासारखा वळतो. एक पूर्ण दिवस शीट सावलीत पसरून ठेवल्या.

आधी कटर आणि स्टीलच्या पट्टीने शीटच्या पट्ट्या केल्या, मग पट्टी पंचमध्ये सरकवून एकेक स्टिकर पाडला. हा पंच जाड प्लॅस्टिकसाठी असतो, त्यामुळे पातळ स्टिकरची कड कधी कधी फाटकी येते. खाली जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद ठेवून दोन्ही एकदम दाबले की कड स्वच्छ येते. लग्नसराई नुकतीच संपली होती, पत्रिकांना तोटा नव्हता.

चिकटवण्यासाठी पुठ्ठ्याचा साचा केला. एका पुठ्ठ्याला पत्त्याच्या मापाची खिडकी कापायची, ती दुसऱ्या पुठ्ठ्यावर डकवायची, पत्ता त्या खळग्यात बसवायचा. खिडकीच्या कडेवर स्टिकर कुठे यायला हवा त्याच्या पेन्सिलने खुणा. स्टिकरच्या मागचा कागद आधी वरून बोटभर सोलायचा, ती कड खुणेला लावायची, आणि मग उरलेला कागद खालून ओढत स्टिकर कोरड्या फडक्याने दाबत न्यायचा. पूर्ण सोलून हातात घेतलेला स्टिकर हवेतच वळतो आणि मध्ये बुडबुडा धरतो. हे काम गटातल्या बायकांनी एका दुपारी पडवीत बसून केलं. कुंकू-बांगड्यांच्या बारीक कामाला सरावलेली बोटं, त्यांच्या हातचे पत्ते माझ्या हातच्यांपेक्षा सरळ आहेत. तयार झालेले कॅट दोन पाट्यांमध्ये ठेवून वर लोखंडी पेटी, रात्रभर.

तयार कॅट साधारण चोवीस मिलिमीटर उंच झाला. मूळ खोक्यात तो मावत नाही, म्हणून प्रत्येकाला कापडी पिशवी शिवली.

जुगाराची शंका

ही अडचण छपाईच्या कुठल्याही पुस्तकात सापडली नसती. पाठी जशाच्या तशा ठेवल्या होत्या, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला ते नुसते पत्तेच दिसत. एका म्हातारबाईंनी पिशवी उघडताच म्हटलं, "हे त पत्तेच होय नं वो!" शाळेत मुलांना खेळायला दिले तेव्हा एका पालकाने गुरुजींना विचारलं, "पोट्ट्यायले पत्ते कुटाले लावता काय जी?" त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पत्त्यांपायी शेतं गहाण पडलेली घरं गावोगाव आहेत. जुगाराविरुद्धचा कायदा १८८७ पासून आहे आणि तो पैसे लावण्याविरुद्ध आहे, हे सांगून कुणाच्या मनातलं जात नाही.

पाठीवरही स्टिकर लावावा असं सुचलं होतं. मी त्याच्या विरोधात होतो आणि अजूनही आहे. कॅट आणखी जाड होतो, पाठी पुन्हा किंचित वेगवेगळ्या होतात, आणि आपण जो फायदा मिळवला तोच हातचा जातो. ताईने मार्ग काढला तो निराळा. ती डाव सुरू करण्याआधी सगळे पत्ते चित्र वर करून सतरंजीवर मांडते, प्रत्येकीला एकेक कीड ओळखायला लावते, आणि मगच पत्ते पिसते. शाळेत गुरुजींनी शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना आधी एक डाव खेळायला बसवलं. त्या पालकाने पोराला खेळू दिलं. त्या म्हातारबाई अजूनही हात लावत नाहीत. बाजूला बसून कुणी कोणती कीड टाकली ते मोठ्याने सांगतात.

हंगामानंतर

दिवाळीपर्यंत आठपैकी सात कॅट पूर्ण होते. स्टिकर सुटले ते जवळजवळ सगळे एकाच कॅटमधले. तो घाईत, शीट वाळायच्या आत चिकटवलेला होता. शाई कुठेही पसरली नाही, पण ज्या कॅटच्या शेजारी तंबाखूची डबी असते त्याच्या पांढऱ्या कडा काळवंडल्या. खरा त्रास श्रावण-भाद्रपदात झाला: चकचकीत पृष्ठभाग दमट हवेत एकमेकांना धरतो, पत्ते जोडीने येतात. चिमूटभर टाल्कम पावडर लावून फडक्याने पुसले की आठवडाभर ठीक चालतात. पुढच्या वेळी त्याच मापात मॅट स्टिकर घेणार, किंवा छापलेल्या शीटवर मॅट कोल्ड लॅमिनेशनची (उष्णतेशिवाय चिकटणारी) फिल्म ओढून मग पंच मारणार. कॅट थोडा जाड होईल, बल्बचा चमकारा जाईल.

खर्चाचं सांगायचं तर शाई नगण्य आहे. पैसा जातो तो स्टिकरच्या शीटमध्ये आणि कॅटमध्ये. कॅट घेताना एकाच खोक्यातले, एकाच पाठीचे घ्यावेत आणि एक जास्तीचा घ्यावा. हरवलेल्या पत्त्याच्या जागी त्यातलाच पत्ता काढून जादा स्टिकर चिकटवता येतो. आतापर्यंत बोंडअळीचे दोन आणि विहिरीच्या शेतातली वेचणी अशी तीन पानं त्यातून भरली आहेत. स्वतःच्या गटासाठी असं करणं एक गोष्ट; दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर स्टिकर लावून तो खेळ म्हणून विकणं मी टाळेन. विकायचा झाला तर प्रेसमधून स्वतःच्या पाठीसह छापूनच.

वणी तालुक्यातल्या एका कृषी सखीने ताईकडे फाइल मागितली आहे. तिला फाइल पाठवण्याआधी तिथल्या दुकानातला कॅट मोजून सांगायला लावला. तो रुंदीला ५६ मिलिमीटर भरला. स्टिकर आणि पंच तेच चालतील, बाजूला एकेक मिलिमीटर कड उरेल. पुठ्ठ्याचा साचा तेवढा नव्याने कापावा लागेल.